शटरावरचा भंडारा

२ मे १९९८, शनिवार. जकार्ता

आज बाईसाहेबांशी खोटं बोललो. म्हणलं, कोथिंबीर कुठंच मिळंना, लांबच्या बाजारात जावं लागलं. कोथिंबीर सकाळीच घेतलेली, पिशवीत सुकून गवत झाली होती! त्यांनी जुडी हुंगून बघितली नुसती.

खरं म्हंजे मी हेंद्राच्या कॉलेजात गेलो होतो. मोर्चा बघायला.

मला वाटलं आपल्यासारखा मोर्चा असंल. पाचवीत होतो तवा पाण्याच्या मोर्चाला शेळगावातनं ट्रक भरून बारामतीला गेलो होतो. प्रत्येकाला एक वडापाव आन एक टोपी. एकजण ओरडायचा, बाकीचे "झालंच पाहिजे!" काय झालं पाहिजे ते मला आजून ठाऊक न्हाय. हितं तसं न्हाय. पोरं-पोरी आपापल्या बसनं येतात, कुणी भरून आणत न्हाय. कॉलेजचं फाटक बंद – आत पोरं, बाहेर पोलीस. आतले ओरडतात, बाहेरचे ऐकतात. दुपारी दोघंबी एकाच गाडीवरनं सरबत पितात, गजातनं हात घालून! हितल्या भाषेत शिकणाऱ्या पोराला महासिस्वा म्हणतात. ऐकायला आपल्यातलंच वाटतं. सातवी नापास म्हस्कू एवढ्या महाशिष्यांत उभा – मलाच हसू आलं.

हेंद्रा म्हंजे आमच्या कॉलनीच्या फाटकासमोर किराणा दुकान हाय, त्या तांतेचा पोरगा. तांते म्हंजे काकू. खाली दुकान, वर घर. तांते, हेंद्रा आन धाकटी लीना, तिघंच. माणसं चिनी. पणजोबापासनं हितंच हायत, तरी लोक त्यांना चिनीच म्हणतात. घरात हेंद्राला लियांग म्हणतात. कागदावर हेंद्रा. "बाहेर जाताना चप्पल घालतोस ना, तसं हे नाव," म्हणला.

५ मे, मंगळवार

पेट्रोल, रॉकेल, बसचं भाडं – सगळं एका दिवसात वाढलं. साहेब सूतगिरणीतनं लवकर आले. रस्त्यात टायर जळत होते म्हणे. मला म्हणले, "म्हस्कू, कामापुरतं बाहेर जायचं. हा आपला देश नाही."

आपला देश न्हाय हे मला सव्वा वर्ष ठाऊक हाय. साहेबांना रोज ज्वारीची भाकरी लागते, म्हणून बारामतीवरनं मला आणला. मेंढरामागं फिरताना थापायला शिकलो होतो, दगडाच्या चुलीवर. हितं गॅस, टाइल्स, पंखा. आन मी दिवसभर चार भिंतीत! आबांनी मेंढरं विकली तवापासनं माझे पाय असेच खाजतात. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भवरा हाय.

संध्याकाळी मीठ आणायला गेलो तर हेंद्रा दुकानात होता. विचारतो कसा – "तुमच्याकडं मत टाकून सरकार पाडता येतं?"

"येतं की. आमचं तर वर्षाला पडतं!"

लई हसला. मग म्हणला, "आमचं बत्तीस वर्षं झाली, पडलं न्हाय."

तांते आतनं खेकसली. त्यांच्या भाषेत. नंतर हेंद्रानं सांगितलं, आई म्हणतेय दुसऱ्यांच्या पोरांना ओरडू दे. आपल्यासारख्या बारीक डोळ्यांची पोरं पुढं दिसली की आधी आपल्यालाच धरतात.

७ मे

तांतेनं बोलावलं. केळीच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुड्या, चाळीस-पन्नास असतील. वर अंडं, मिरची. म्हणली, ह्या महासिस्वांना देऊन ये. गल्लीतल्या सगळ्या बाया देतात, मीपण देते. मी म्हणलं, हेंद्राला कोणती देऊ?

"हेंद्रा तितं न्हाय. तो लायब्ररीत हाय."

एका पुडीला लाल दोरा बांधला होता. म्हणली, ही जी पुडी हाय ना, ही लायब्ररीत दे.

लायब्ररी म्हंजे फाटकावर चढून घोषणा देणारा हेंद्रा! अंगात कॉलेजचं जाकीट, घामानं पाठीला चिकटलेलं. लाल दोरा बघितला आन म्हणला, "आईला म्हण, लायब्ररीत लई गरम होतं."

१० मे

तीन दिवस रोज पुड्या पोचवल्या. बाईसाहेबांना आता कोथिंबिरीचा संशय येतोय.

१२ मे, मंगळवार. सकाळी

साहेबांनी बारामतीला फोन लावला होता, मग मला दोन मिनिटं दिली. शेळगावातल्या माझ्या दोस्ताच्या, अमजदच्या एसटीडीवर लावला. आई न्हाय सापडली, अमजदच बोलला. "म्हस्क्या! काल आपण बाँब फोडला बाँब! शेळगावात पेढे वाटले. तितं चिनी लोकं असतील तर सांग त्यांना, आता नीट राहा म्हणावं!"

मी म्हणलं, हितल्या चिनी लोकांकडनंच मी मीठ घेतो. तर म्हणतो, "मग जरा मोजून घे!" येडं हाय.

१२ मे. संध्याकाळी

बघितलं तसं लिहितो.

दुपारी पुड्या घेऊन गेलो तर फाटक उघडं! पोरं रस्त्यावर आलेली, हजारांनी. पुढं पोलिसांची भिंत. पोरं चालत त्या भिंतीपर्यंत गेली आन खाली बसली. रस्त्यात! मोटारींचा रस्ता हो, आपल्या इंदापूरच्या हायवेसारखा, दुप्पट रुंद. बसून गाणी म्हणतायत. एका पोरीनं पोलिसाला गुलाबाचं फूल दिलं. त्याला कळंना कुठं ठेवावं. बंदूक एका हातात, ढाल एका हातात. शेवटी पट्ट्यात खोचलं. सगळे हसले, तोबी हसला. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असंल.

मग पावसाची सर आली. कुणी उठलं न्हाय. मी हेंद्राच्या शेजारी बसलो, भाताची पुडी त्याच्या जाकिटाखाली धरून. त्याला म्हणलं, असं बसून काय होतंय? तो म्हणला, "उभा माणूस पळतो. बसलेल्याला उचलावं लागतं."

पाचच्या सुमारास ठरलं की आज बास, आत जायचं. पोरं उठली. हळूहळू फाटकाकडं निघाली. कुणी दगड मारलेला मी बघितला न्हाय. मागं कायतरी आरडाओरडा झाला आन फटाके वाजले – मला फटाकेच वाटले! मेंढरं बिचकली की सगळी एकाच बाजूला लोटतात, तसं झालं. मी हेंद्राचा हात धरून कुंड्यांच्या कट्ट्यामागं आडवा झालो. आवाज थांबंचना. आत पळालेल्यांवरपण! समोरनं चौघंजण एकाला उचलून नेत होते. त्याच्या पायातला एक बूट गळून पडला. लोकं त्या बुटाला चुकवून पळत होती. पाय लागू देत नव्हती.

हेंद्रा रडत नव्हता. त्याच्या तोंडाला चिखल होता. म्हणला, "मी हितंच राहणार. त्यांच्यापाशी. तू जा आन आईला सांग मी धड हाय."

चालत आलो. तांते लसूण सोलत होती. सांगितलं. ती म्हणली, "कोण? माझा मुलगा तितं न्हायच." सोलतच राहिली. पाकळी सोलून झाली तरी नखानं खरवडत होती, खरवडत होती.

बाईसाहेबांनी माझे कपडे बघितले. गरम पाणी ठेवलं माझ्यासाठी! त्यांनी माझ्यासाठी पाणी ठेवलं, हे पहिल्यांदाच.

१३ मे, बुधवार

चार पोरं गेली. रेडिओ सांगतोय.

हेंद्रा आला न्हाय. कॉलेजातच हाय. पण आज महासिस्वांचं कुणी काय बोलत न्हाय, रस्त्यावर दुसरीच माणसं हायत. गाड्या जाळतायत, दुकानं फोडतायत. चिनी दुकानं. का? पोरांना मारलं पोलिसांनी, मग तांतेचं काय? मी उजांगमामाला विचारलं. उजांग म्हंजे फाटकावरचा वॉचमन, मी त्याला मामाच म्हणतो. तो म्हणला, "राग मोठा झाला की जवळचं दार शोधतो."

दिवेलागणीला दूध आणायला गेलो, तर समोरच्या ओळीतले सगळे दुकानदार ब्रश घेऊन शटर रंगवत होते. काळ्या रंगानं अक्षरं. मामानं वाचून दाखवलं – "हे हितल्याच माणसाचं दुकान." शिंप्यानं लिहिलं, सायकलवाल्यानं लिहिलं. बारा दुकानं. तांतेचं शटर तेवढं कोरं. खाली ओढलेलं, आतनं कुलूप. वरच्या खिडकीत दिवा.

मला ती अक्षरं येत न्हाईत. आन आली असती तरी खोटंच की ते! शेजाऱ्यांनीच पुसून टाकलं असतं.

मग सुचलं.

आमच्यात एखादं मेंढरू देवाच्या नावानं सोडतात. पाठीवर भंडारा लावायचा. मग त्याला कुणी विकत न्हाय, कापत न्हाय. कोकणाकडं उतरताना दोनदा आमचा कळप चोरांनी नेला होता. दोन्ही वेळेला पिवळं मेंढरू तेवढं मागं सोडलं. चोर आपल्यातले नव्हते, तरी! मी डोळ्यानं बघितलंय.

आईनं निघताना दिलेली जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी पेटीत होती. एवढ्याशानं काय होतंय, म्हणून त्यात हळद घातली – तांतेच्याच दुकानातली, सोमवारी आणलेली. खोबरेल घालून कालवलं. अंधार पडल्यावर मागच्या फाटकानं बाहेर पडलो आन शटरवर पंजे उमटवले. पाच पंजे. मोठ्ठे. हाक न्हाय मारली. मारली असती तर घाबरली असती तांते. मनात यळकोट म्हणलो.

लई दिवसांनी झोप येईल असं वाटतंय.

१४ मे, गुरुवार. सकाळी

हेंद्रा भेटला! जिवंत, धड!

साडेआठला मागच्या फाटकाला मी केर टाकायला गेलो तर तारेपलीकडं उभा. दोन दिवस झोपलेला न्हाय. घरचा फोन लागंना म्हणून चालत आला. मोठ्या रस्त्याला लोकं गोळा झालीयत म्हणला. तो निघाला होता चर्चमधी, तितं त्यांची बरीच माणसं आत बसलीयत. तितनं काय ते आईचं बघतो म्हणला.

मी म्हणलं, चर्चला कशाला? घरी जा. वर दिवा हाय, आत्ताच बघितला मी. दोघी घरात हायत. तुझ्या घराला कोण हात लावणार न्हाय, मी बंदोबस्त केलाय.

"कसला?"

"आमच्या देवाचा."

माझा हात बघितला, नखं पिवळी. "तुला कावीळ झालीय," म्हणला. मग हसला. "तुझ्या देवाला हितला व्हिसा दिला का पण?"

मी म्हणलं, तू जा तर. आई वाट बघत असंल.

जरा उभा राहिला. चर्चच्या बाजूला बघितलं. मग घराच्या बाजूला वळला. गेला.

भाकरीचं पीठ मळायला घेतो. बाईसाहेब हाका मारतायत.

१४ मे. दुपारी

आवाज येतोय. पाऊस लांबनं येतो तसा, पण माणसांचा.

साहेबांनी दारं लावली. किल्ली त्यांच्या खिशात.

समोरनं धूर. काळा. तेल जळाल्यासारखा वास. कुणाचं दुकान ते हितनं दिसत न्हाय.

खिडकीतनं उडी मारून फाटकापर्यंत गेलो. मामानं मला कंबरेला धरून खाली पाडलं. अंगावर बसला. "तू गोरा-काळा-पिवळा काय हायेस ते विचारत बसणार न्हाईत ते!" त्याच्या अंगाखालनं मला नुसते पाय दिसत होते. पळणारे. चपला, अनवाणी. एकजण साबणाची खोकी घेऊन.

त्या साबणाचं नाव मला ठाऊक हाय. तांतेच्याच दुकानात मिळायचा.

१५ मे

बघून आलो.

ओळीत बारा दुकानं. अकरा शाबूत. शिंप्यानं मशीनपण बाहेर काढलंय.

तांतेचं शटर डब्याच्या पत्र्यासारखं वळलंय. आत सगळं काळं. जिना दिसतो अर्धा. अजून धग हाय, कुणी आत जात न्हाय. शटराच्या खालच्या कोपऱ्यात तेवढा पिवळा राहिलाय – एक अंगठा, दोन बोटं. माझी.

मामा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणला, "ही पिवळी खूण कुणी केली कुणास ठाऊक. लोकं येऊन थांबली. म्हणली, बाकी सगळ्यांवर लिहिलंय, ह्यावर लिहिलं न्हाय, ह्यावर खूण हाय. म्हंजे हेच ते. तू बघितलंस का कुणाला खूण करताना?"

मी म्हणलं – न्हाय.

१६ मे

गिरणीनं बस केली. सगळे आपल्या देशातले लोक विमानतळावर. साहेब, बाईसाहेब, मी. दोन दिवस फरशीवर बसायचं म्हणतायत. तिघांचं काय झालं, कुणालाच सांगता येईना. मामाला मी माझं घोंगडं देऊन आलो. काय द्यावं सुचलं न्हाय.

२१ मे. जळोची, बारामती

साहेबांचा नवा बंगला. अजून खिडक्यांना काचा न्हाईत. टीव्ही मात्र लावला. बत्तीस वर्षांचं सरकार पडलं! पोरं तितल्या पार्लमेंटवर चढलीयत, कारंज्यात उड्या मारतायत, रडतायत. साहेब म्हणले, "बघ म्हस्कू, तुझे महासिस्वा जिंकले."

मी टीव्हीच्या एकदम जवळ बसलो. तसल्या जाकिटातला एकेक जण बघत होतो. बाईसाहेब म्हणल्या, "अरे, डोळे जातील." बाजूला सरकलो न्हाय. मग त्यांनी आंबा कापून माझ्यासमोर ठेवला.

६ जून. शेळगाव

घरी. आईनं दारातच ओवाळलं. भंडाऱ्याचं बोट कपाळाला लावायला आली, आन मी मागं सरकलो. डोकं चौकटीवर आपटलं.

"काय रं? देवाचा भंडारा हाय, इंगळी हाय का काय?"

सगळे हसले. मीपण हसलो.

जेवताना आबांना विचारलं. "आबा, देवाच्या नावानं सोडलेलं मेंढरू कवा कुणी मारलंय का?"

"न्हाय. माणूस न्हाय मारत."

"कुणीच न्हाय?"

आबांनी ताटाकडं बघत विचार केला. "ज्याला भंडारा म्हंजे काय हे ठाव हाय, तो न्हाय मारत. लांडग्याला कुठं ठाव? उलट त्याला पिवळं लांबनं दिसतं. जुन्नराकडं गेलो होतो त्या साली दोन गेली होती तशी. तू लहान होतास." मग म्हणले, "का रं?"

"असंच."

हे मला आधी कुणी सांगितलं न्हाय. मी कवा विचारलंच न्हाय.

१२ जून

अमजदच्या एसटीडीत बसून असतो. त्याला सगळं सांगितलं, पंजे सोडून. तो बाँबची चेष्टा आता करत न्हाय. म्हणला, "तिघं पळाले असतील रं. चिनी माणूस हुशार असतो." मी म्हणलं, हुशार होताच तो. चर्चला निघाला होता.

म्हणून गेलो आन जीभ चावली.

"मग?" अमजद म्हणला.

"मग काय न्हाय."

१९ जुलै

लोणी देवकरला एका कारखान्यात हेल्पर लागलो. सायकलनं जातो. मशीनच्या आवाजात बरं असतं. दुसरं काय ऐकू येत न्हाय.

२ ऑगस्ट

साहेब परत जकार्ताला निघाले. मला चल म्हणले, बाईसाहेब पण म्हणल्या – "तुझ्या हातची भाकरी दुसऱ्याला जमत नाही रे." मी न्हाय म्हणलं. साहेबांच्या हातात एक चिठ्ठी दिली, अमजदनं इंग्रजीत लिहिलेली. उजांगमामाला द्या, त्या घरातलं कुणी आलं तर त्यांना द्या. चिठ्ठीत तेवढंच – मी म्हस्कू, शेळगावला हाय, तुमी कसे हायत?

३० ऑगस्ट

साहेबांचा फोन आला, अमजदच्या दुकानात. संध्याकाळी परत करतो म्हणले. अमजद सायकल मारत कारखान्याच्या फाटकापर्यंत आला मला न्यायला.

साहेब म्हणले, वॉचमन भेटला. चिठ्ठी दिली. त्या घरातनं एक मयत काढली होती, जाळपोळीनंतर दुसऱ्या आठवड्यात. जिन्यावर. एकच. ओळखण्यासारखी नव्हती. बाकीच्यांचं कुणालाच ठाऊक नाही. "म्हस्कू, ऐकतोयस ना?"

ऐकतोय.

एकच. म्हंजे कुणाची? तिघं घरात होती तर एकच कशी? आन तिघं नव्हती – तर मी दिवा कुणाचा बघितला?

१४ सप्टेंबर

लांडगा रोज स्वप्नात येत न्हाय. पंजे येतात.

२० ऑक्टोबर, दिवाळी

आईनं दाराला पिवळे पंजे उमटवायला सांगितलं, नवीन चौकट बसवलीय म्हणून. म्हणलं, हाताला मशीनचं ग्रीस हाय, निघत न्हाय. तिनं स्वतः उमटवले. मी दोन दिवस मागच्या दारानं जा-ये केली.

२१ नोव्हेंबर, शनिवार

पत्र आलं. सिंगापूरचा शिक्का. अमजदनं आधी मनात वाचलं. त्याचं इंग्रजी बारामतीच्या कॉलेजातलं, अडखळत वाचतो. पण आज अडखळला ते त्यामुळं न्हाय. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग मराठीत सांगितलं. जसं आठवतं तसं लिहितो.

पत्र लीनाचं. मामाकडं दिलेली माझी चिठ्ठी तिला पोचली होती. ती आन तांते सिंगापूरला मावशीकडं हायत. दोघी जित्या हायत!

लिहिलंय – त्या रात्री कुणीतरी आमच्या शटरवर पिवळे पंजे मारून गेलं. पहाटे आईनं पाणी टाकायला छोटं दार उघडलं तवा दिसले. सगळ्यांच्या शटरवर अक्षरं, आमच्यावर हात. आई म्हणली, आपल्याला निवडलंय, आजच येणार. पाच मिनिटांत मागच्या दारानं निघालो. वरचा दिवा विझवायलापण थांबलो न्हाय. चर्चमधी जाऊन बसलो. ज्यानं पंजे मारले तो आमाला मारायलाच आला असंल, पण त्याच्यामुळं आमी जगलो. आई रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. त्याचं वाईट होऊ नये म्हणून.

पुढं लिहिलंय – जिन्यावर सापडला तो लियांग, म्हंजे हेंद्रा. दातावरनं ओळखला. आमी चर्चमधी त्याची वाट बघत होतो. तो तितंच येणार, असं मित्रांना सांगून निघाला होता. मग घरी का गेला? हे काय आमाला कळत न्हाय. आई रोज हेच विचारते. तू कॉलनीतच राहत होतास. त्या सकाळी तो तुला भेटला का? काय बोलला का? ठाऊक असंल तर कळव. कसलंही असू दे. आईला नुसतं कळायला पाहिजे.

अमजद म्हणला, "काय लिहू?"

मी म्हणलं, आज न्हाय.

२२ नोव्हेंबर

कारखान्यात गेलो न्हाय. नीरेच्या काठानं चालत राहिलो. आबा पूर्वी हितनं कळप घालायचे. दुपारपर्यंत काय ठरलं न्हाय. दोघींना वाचवलं, एकाला घालवलं – दोन्ही एकाच हातानं केलं मी. एक शटरवर ठेवून, एक चर्चला निघालेल्याला घराचा रस्ता दाखवून.

खरं कळवलं तर तांतेला कळंल. म्हंजे कळंल की पोरगा तिच्यासाठी घरी गेला. कुणाच्या सांगण्यावरनं, तेबी कळंल. मग ती कुणासाठी प्रार्थना करंल?

२४ नोव्हेंबर

उत्तर टाकलं. इंदापूरच्या पोष्टात, स्वतःच्या हातानं. पंजे माझे होते, हे लिहिलं. सगळं लिहिलं – भंडारा, देव, सोडलेलं मेंढरू.

शेवटी तिचा सवाल राहिला. त्या सकाळी भेटला का? अमजद पेन धरून माझ्या तोंडाकडं बघत होता.

म्हणलं, लिही – न्हाय.